लॉन पिवळं, भाजीला उशीर? आधी डिसेंबरची सावली मोजा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. इतरांनाही कळावं म्हणून थोडक्यात परत मांडतो. तळेगावला रो हाऊस, मागे ३० बाय २० फुटांची बाग, घर उत्तरेला आणि समोर दक्षिणेला सात फुटी कंपाउंड वॉल. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मेक्सिकन जातीच्या गवताचे तयार लॉनचे मॅट टाकून घेतले. पहिलं वर्ष झकास गेलं, आता पाऊस संपल्यावर मध्ये मध्ये पिवळे पट्टे पडलेत, भिंतीकडे शेवाळ आलंय, लव्हाळ्याचं तण जिकडेतिकडे. माळी म्हणतो सगळं उपटून नवीन लॉन टाकू. सासूबाई म्हणतात भाजी लावा, मिस्टर म्हणतात लॉनला हात लावायचा नाही, आणि तुमचा विचार असा की भिंतीकडचं गवत तसंही मेलंय तर तिथेच भाजीचे वाफे करावेत. वर ऑक्टोबर संपत आलाय, म्हणजे उशीर झाला का?

मी बावीस वर्षं पुणे आणि आजूबाजूला बंगल्यांच्या बागा सांभाळतोय, त्यामुळे सरळच सांगतो. भाजीला उशीर झालेला नाही. नवीन लॉन अजिबात टाकू नका. आणि भिंतीकडे भाजी लावू नका, तिथे मेथीसुद्धा नीट येणार नाही. भाजीसाठी तुमच्या लॉनचा सगळ्यात हिरवागार, घराकडचा तुकडा द्यावा लागेल. मिस्टर चिडतील, पण पूर्ण वाचायला द्या त्यांना.

कारण सांगतो. लॉन लावलं जूनमध्ये. आपल्याकडे मे ते जुलै सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, पुण्यात तर मेमध्ये १३-१४ तारखेच्या आसपास शून्य सावली दिवस असतो, खांबाचीसुद्धा सावली पडत नाही. तेव्हा तुमच्या दक्षिणेच्या भिंतीची सावली असून नसल्यासारखी, सगळ्या ३० बाय २० मध्ये ऊन, म्हणून सगळीकडे गवत टाकलं. पण दसरा झाला की सूर्य दक्षिणेला झुकायला लागतो आणि २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीसुद्धा तो साधारण ४८ अंशांवरच असतो. म्हणजे सात फुटी भिंतीची सावली दुपारी बारा साडेबाराला सव्वासहा फुटापर्यंत येते, आणि सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. तुमची वीस फूट रुंदीची बाग, त्यातला जवळजवळ एक तृतीयांश भाग नोव्हेंबर ते जानेवारी सावलीत. शेवाळ नेमकं तेवढ्याच पट्ट्यात आलंय ना? टेप लावून बघा, पाच-सहा फुटांच्या आसपासच थांबलं असेल.

तिथे गवत औषधाअभावी गेलेलं नाही, उन्हाअभावी गेलंय, आणि जिथे मेक्सिकनला ऊन पुरलं नाही तिथे टोमॅटोला काय पुरणार. हे मी स्वतः ठेचकाळून शिकलोय. सुरुवातीच्या वर्षांत एका क्लायंटकडे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुंदर वाफे करून दिले, छान ऊन होतं तेव्हा, आणि डिसेंबरात ते बिचारे फोन करून विचारायला लागले की फ्लॉवरची नुसती पानंच वाढतायत हो, गड्डा कुठाय. गेलो तर सगळे वाफे शेजारच्या बिल्डिंगच्या सावलीत. तेव्हापासून मी जागेवर गेलो की आधी उत्तर-दक्षिण बघतो, माती नंतर.

तर मी असा नकाशा करेन. दक्षिणेच्या भिंतीलगत पाच फुटांचा पट्टा, तिथलं उरलंसुरलं गवत आणि शेवाळ खरवडून काढा आणि गवताचा नाद सोडा. तिथे अळू लावा, पुदिना लावा (पुदिना कुंडीत किंवा तळ कापलेल्या बादलीत, नाहीतर दोन वर्षांत तो लॉनमध्ये घुसतो), फर्न लावा, थोड्या फरश्या टाका, कंपोस्टचा ड्रम तिथेच ठेवा. त्यानंतर सहा फूट लॉन. मग सात फूट लांबीचे भाजीचे वाफे, आणि वाफे नि घराची भिंत यांच्यात दोन फूट मोकळी वाट, कारण रोज पाणी द्यायची माती प्लिंथला, म्हणजे घराच्या जोत्याला, टेकवून ठेवली की घरात ओल येते आणि मग दोष बागेला. लॉन उरलं ३० बाय ६, म्हणजे १८० स्क्वेअर फूट. दोन खुर्च्या, एक टीपॉय, नातवंडं आली तर लोळायला जागा, सगळं बसतं. खरं सांगू का, ६०० स्क्वेअर फूट लॉन कोणी वापरत नसतं, फक्त कापत असतं.

यातली गंमत अशी की घराकडचे सात फूट भाजीसाठी मोकळे करताना जे चांगलं, हिरवं लॉन निघेल, तेच तुमच्या मधल्या पिवळ्या पट्ट्यांना ठिगळ म्हणून लावायचं. धारदार फावड्याने फूटभर चौकोन आखून दोन इंच मातीसकट उचला, तसेच नेऊन बसवा, पायाने दाबा, पाणी द्या. नवीन मॅट विकत आणायची गरजच नाही. फक्त उचलताना प्रत्येक चौकोन उलटा करून बघा, लव्हाळ्याच्या गाठी दिसल्या तर तो तुकडा फेकून द्या, उगाच एका जागचं दुखणं दुसरीकडे नेऊ नका.

पण घाई इथे आहे, भाजीत नाही. मेक्सिकन मुळात सावकाश वाढणारं गवत आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ते जवळजवळ झोपतं. तेव्हा ठिगळ लावायचं ते नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरका, म्हणजे थंडी पडायच्या आत मुळं धरतील. त्यानंतर लावलेलं तसंच पडून राहतं, शिवणी दिसत राहतात.

आता पिवळे पट्टे. आधी निदान करा, नाहीतर युरिया मारून मोकळे व्हाल. पट्ट्यातलं गवत मुठीत धरून वर ओढा. सतरंजीसारखं अलगद सुटून वर आलं, मुळंच नाहीत, तर खाली हुमणी आहे. सहा इंच खणून बघा, पांढरी, इंग्रजी सी सारखी वळलेली, तपकिरी डोक्याची अळी सापडेल. पहिल्या वळवानंतर हिचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात, मग मातीत अंडी घालतात, आणि पावसाळाभर अळ्या मुळं कुरतडत बसतात. कच्चं शेण घातलं असेल तर हमखास. मीही एका वर्षी स्वस्तात मिळालं म्हणून ट्रॉलीभर अर्धकच्चं शेणखत एका बागेत टाकलं होतं, सप्टेंबरात अक्षरशः बादलीभर हुमण्या वेचल्या, मजुरीतच सगळी बचत गेली. हाताने वेचणं हा लहान बागेत सगळ्यात भारी उपाय, साळुंक्या आणि बगळे मदतीला येतात, आणि नंतर हुमणी मारणारी मेटारायझियम ही बुरशी शेणखतात मिसळून ओल्या मातीत द्यायची. ती कोरड्या मातीत काम करत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

गवत घट्ट असेल, वर येत नसेल, तर पुढची परीक्षा. पिवळ्या जागी एक फूट बाय एक फूट खड्डा, एक फूट खोल. यातून दोन गोष्टी कळतात. पहिली म्हणजे खाली काय पुरलंय. रो हाऊसच्या बागेत नव्वद टक्के वेळा मला वरती चार इंच लाल माती आणि खाली बिल्डरचा राडारोडा सापडतो, विटांचे तुकडे, वाळलेलं सिमेंट, टाइलचे तुकडे, एकदा तर अख्खी गवंड्याची थापी निघाली. दुसरी, त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता, जिरू द्या, परत ओता आणि घड्याळ लावा. दुसऱ्या वेळचं पाणी तास-दोन तासात गेलं तर ठीक, संध्याकाळपर्यंत तसंच तुंबून राहिलं तर तुमच्या गवताची मुळं चार महिने पाण्यात गुदमरलीत, आणि तळेगावचा पाऊस म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. यावर खत हा उपाय नाहीच. काटेरी दाताळं घेऊन सहा-सहा इंचांवर भोकं पाडा, चार इंच खोल, हलवून जरा मोठी करा, आणि त्यात वाळू-शेणखताचं मिश्रण झाडूने लोटा.

हे मिश्रण म्हणजे टॉपड्रेसिंग. दोन घमेली धुतलेली जाड वाळू, एक घमेलं चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक घमेलं चाळलेली माती. १८० स्क्वेअर फुटाला अर्धा सेंटिमीटर थर द्यायला सहा-सात घमेली पुरतात. गवताची टोकं दिसत राहिली पाहिजेत, लोक प्रेमाने इतका जाड थर देतात की गवत गाडलं जातं. मेक्सिकनला हे जास्त गरजेचं, कारण ते दाट वाढतं, खाली वाळक्या काड्यांची गादी साचते आणि वरून उशा-उशा दिसायला लागतात. त्या उशा मशिनने खोलवर कापल्या की खालचा तपकिरी भाग उघडा पडतो आणि माळी म्हणतो बघा लॉन मेलं. मेलेलं नाही, तुम्ही त्याला टक्कल केलंय. लोखंडी दाताळ्याने आधी वाळकं गवत ओरबाडून काढा, मग एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका, आणि मशिनच्या पात्याला धार लावून घ्या. धार गेलेलं पातं गवत कापत नाही, फाडतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळं लॉन वरून पांढुरकं दिसतं, त्यालाही लोक रोग समजून औषध मारतात.

खत म्हणाल तर, ठिगळं रुजल्यावर युरिया चौरस मीटरला १० ग्रॅम, म्हणजे तुमच्या उरलेल्या लॉनला १७० ग्रॅमच्या आसपास. मुठीने फेकू नका, कुठे जळेल कुठे तसंच राहील, झारीत विरघळवून द्या आणि लगेच वरून साधं पाणी. एकदाच. डिसेंबरात गवत झोपेत असताना खत देऊन काही उपयोग नाही, पुढचं फेब्रुवारीत.

आणि नवीन पानं पिवळी पण शिरा हिरव्या असं दिसत असेल तर ते लोह कमी पडल्याचं लक्षण, आपल्याकडे चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यामुळे हे फार होतं, त्यात सिमेंटचा राडारोडा म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. हिराकस (फेरस सल्फेट) एक लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी फवारा. पण फरशीवर सांडू देऊ नका. मी एका ठिकाणी पांढऱ्या टाइल्सवर चार शिंतोडे उडवून आलो होतो, दुसऱ्या दिवशी गंजाचे असे डाग पडले की आज बारा वर्षं झाली, त्या आजी मला अजून त्या डागांवरूनच ओळखतात.

लव्हाळा. यावर मोठमोठे दावे करणारे भेटतील, पण हा तण एका सीझनमध्ये जात नाही. देठ बोटात फिरवून बघा, तीन धारी लागतं, गवताचं गोल किंवा चपटं असतं, ओळख तिथेच. वरून उपटलं की पान हातात येतं, गाठ खाली राहते आणि त्या गाठीला साखळीसारख्या आणखी गाठी जोडलेल्या असतात, एक उपटलं की चार उगवतात असं बायका म्हणतात ते खरंच आहे. काळं प्लॅस्टिक अंथरलं तर त्याला भोक पाडून वर येतो. भाजीच्या जागेत एकच मार्ग, माती ओलसर असताना दाताळ्याने खणून गाठी हाताने वेचायच्या, मग दर पंधरा दिवसांनी जे कोंब दिसतील ते खुरप्याने गाठीसकट काढायचे, नवीन गाठी धरायच्या आत. तीन-चार वेळा नेटाने केलंत तर खालची शिदोरी संपत येते. लॉनच्या भागात हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल नावाचं तणनाशक मिळतं, ते लव्हाळ्यावर काम करतं. कृषी सेवा केंद्रात विचारा, पण लेबलवर काय लिहिलंय ते वाचून, तुमच्या गवतावर चालतं का ते आधी एका कोपऱ्यात करून बघा, आणि भाजीच्या वाफ्याजवळ ते फिरकू देऊ नका. माझं मत विचाराल तर एवढ्याशा लॉनला खुरपंच बरं. संध्याकाळी चहाचा कप घेऊन बसायचं आणि दहा-दहा काढायचे. ग्लायफोसेट हे तणनाशक मात्र नको, ते लव्हाळ्यासोबत लॉनही घेऊन जातं.

चला, भाजी. हा माझा आवडीचा भाग.

तीस फुटात तीन फूट रुंद आणि सात फूट लांब असे सहा गादीवाफे सहज बसतात, मध्ये दीड फूट वाट. तीन फूटच का, तर दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, वाफ्यात पाय द्यायची वेळ येता कामा नये. राडारोडा निघालाच तर सगळा खणून काढायच्या भानगडीत पडू नका, वरचे सहा इंच मोकळे करा आणि वाफा वर चढवा, आठ-नऊ इंच, कडेला विटा किंवा फळ्या. प्रत्येक वाफ्याला पूर्ण कुजलेलं शेणखत दोन गोणी, निंबोळी पेंड एक किलो, मूठभर ट्रायकोडर्मा (मुळांचे रोग रोखणारी उपयोगी बुरशी). कुजलेलं कसं ओळखायचं? वास घ्या. जंगलातल्या मातीसारखा वास आला तर घ्या, गोठ्याचा आला तर नको. काम वाफशावर करा, म्हणजे मुठीत माती दाबली की गोळा व्हावा पण बोटाने टोचलं की फुटावा. चिखलात खणलेली काळी माती नंतर ढेकळं होते आणि ती ढेकळं उन्हाळ्यापर्यंत फुटत नाहीत.

उंच पिकं वाफ्याच्या उत्तर टोकाला, घराकडे. टोमॅटो, वाटाणा, मांडवावरचा वाल, यांची सावली मग घराच्या भिंतीवर पडते, मेथीवर नाही. ही एवढीशी गोष्ट, पण दहा बागांत नऊ ठिकाणी उलटी बघतो.

आता उशिराचं. ऑक्टोबरअखेर म्हणजे पालेभाज्यांची खरी वेळ. ऑक्टोबर हीटमध्ये पेरलेली कोथिंबीर तशीही रडतरखडत येते. मेथी, शेपू, पालक, चाकवत, आंबट चुका, मुळा, सगळं आत्ता. मेथी महिन्याभरात ताटात, मुळा दीड महिन्यात, पालक पाच-सहा आठवड्यांनी पहिली काढणी आणि मग कापत राहायचं. सगळा वाफा एकदम पेरू नका. मेथीचा सात फुटांचा वाफा एका दिवशी पेरलात तर एका आठवड्यात पंधरा जुड्या, अख्ख्या सोसायटीत वाटाल आणि नंतर महिनाभर काही नाही. दोन-दोन फुटांचा पट्टा, दर पंधरा दिवसांनी. ओळीत पेरा, फेकून नको, खुरपताना कळत नाही मेथी कुठली आणि लव्हाळा कुठला.

कोथिंबिरीचे धणे चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, आणि पेरल्यावर आठ-दहा दिवस काही दिसलं नाही तर उकरून बघू नका. निम्मे लोक सातव्या दिवशी धीर सोडून तिथे दुसरं काहीतरी पेरतात.

वाटाणा नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चालतो. अर्केल जात घ्या, बुटकी आहे, साधारण दोन महिन्यांत शेंगा. रात्रभर भिजवून इंचभर खोल, तीन-तीन इंचांवर. नत्राचं खत जास्त नको, वेल माजतात आणि शेंगा कमी. जानेवारीत सकाळच्या दवाने पानांवर पिठासारखी भुरी येते, तेव्हा पाणी मुळाशी द्या, पानांवर नको, आणि ताक पातळ करून फवारलं तरी सुरुवातीच्या भुरीला फरक पडतो. बुलबुल कोवळे शेंडे खुडतात, पहिले पंधरा दिवस जुनी मच्छरदाणी टाका.

टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, फ्लॉवर यांचं बी आता पेरत बसू नका, इथे खरंच उशीर होईल. नर्सरीतून ट्रेमधली रोपं आणा, पुणे-सोलापूर रस्त्याला हडपसर-उरुळीकडे भरपूर मिळतात, तुमच्या तळेगावकडेही मिळतील. चार-पाच पानांचं, बुटकं, जाड देठाचं रोप घ्या. उंच, लांबुडकं, ट्रेच्या खालून मुळं बाहेर आलेलं रोप दुकानदार कौतुकाने देतो, घेऊ नका, ते म्हातारं झालंय. फ्लॉवर घेताना जात विचाराच. लवकरची जात थंडीत उशिरा लावली की गड्डा बटणाएवढा होऊन थांबतो, या दिवसांत उशिराची, स्नोबॉल गटातली हवी. कोबी-फ्लॉवरच्या कडेने मोहरीची एक-एक ओळ टाका, चौकोनी ठिपक्यांचा पतंग आणि मावा आधी मोहरीवर जातो. टोमॅटोशेजारी झेंडू, दिवाळीच्या तोरणातली वाळलेली फुलं चुरगळून टाकलीत तरी उगवतो.

रोपं लावली की पहिली आफत गोगलगाय. पावसाळ्यानंतर त्या तुमच्या भिंतीकडच्या शेवाळात दबा धरून बसल्या असणार. संध्याकाळी गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून वाफ्याच्या कडेला पसरून ठेवा, सकाळी उचलून खालच्या सगळ्या वेचून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका, हातमोजे घालून. चार-पाच सकाळी केलं की पुरतं. पुढचं रोजचं औषध म्हणजे निंबोळी अर्क. वाळलेल्या निंबोळ्या ५० ग्रॅम कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर ठेवायच्या, फडक्यातून गाळायचं, चिमूटभर साबण, आणि त्याच संध्याकाळी फवारायचं. दुसऱ्या दिवशीसाठी ठेवू नका. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांवर आठवड्याला एकदा. वांग्याच्या शेंड्यात अळी शिरून शेंडा मान टाकतो, त्यावर वरून काही मारून उपयोग नाही, तो शेंडा दोन बोटं खालून खुडून नष्ट करा, कंपोस्टमध्ये नको.

लसूण आत्ताच. पाकळी टोक वर करून, चार-चार इंचांवर, बोटाच्या दोन पेरांइतकी खोल. देशी, बारीक पाकळीचा घ्या. बाजारातला तो मोठ्या पाकळीचा डोंगरी लसूण दिसायला छान, पण आपल्याकडे त्याची नुसती पात होते, गड्डा धरत नाही. आणि सासूबाईंना सांगा, कांद्याला तर तुम्ही अगदी वेळेवर आहात. रब्बी कांद्याचं बी आत्ता टाकलं तर डिसेंबरच्या मध्यावर रोप लावणीला येतं आणि एप्रिलमध्ये कांदा. एन-२-४-१ ही जुनी जात टिकायला चांगली, किंवा राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या भीमा किरण, भीमा शक्ती. राजगुरुनगर तुम्हाला काही लांब नाही.

गाजर राडारोड्याच्या जमिनीत दोन तंगड्यांचं निघतं, बीट लावा, ते फारसं कुरकुर करत नाही. भेंडी, गवार, काकडी यांचं बी घरात पडून असेल तरी थंडीत पेरू नका, डिसेंबरात ते मातीत कुजतं. जानेवारीच्या शेवटाला मेथीचे वाफे मोकळे होतील तिथे टाका. कोथिंबीर-पालकाची शेवटची पेरणीही त्याच सुमारास थांबवा, फेब्रुवारीत ऊन चढलं की दोन्ही पानाआधी फुलावर येतात.

पाणी लॉनला थंडीत तीन-चार दिवसांतून एकदा, पण मुळांपर्यंत, सकाळी. रोज संध्याकाळी पाईपने शिंपडा मारणं हा मिस्टरांचा आवडता कार्यक्रम असेल तर त्यांना वाफ्यांकडे वळवा, पालेभाजीला पेरल्यापासून उगवेपर्यंत रोज झारीनेच पाणी लागतं. ओळींमध्ये लॉनचं कापलेलं गवत, उन्हात दोन दिवस वाळवून, बोटभर जाड अंथरा. ओलं टाकलंत तर तापतं आणि वास मारतं. लॉनमध्ये लव्हाळा तुऱ्यावर असताना कापलेलं गवत मात्र वाफ्यात नको.

क्रम असा लावा. या शनिवारी खड्डा खणा आणि पाण्याचं घड्याळ लावा. रविवारी घराकडचं लॉन चौकोनात उचला, ठिगळं बसवा. तिथून आठवडाभरात निदान दोन वाफे उभे करा आणि त्यात मेथी, लसूण, वाटाणा टाकून मोकळ्या व्हा, बाकीचे चार सावकाश होऊ द्या. नवीन लॉनसाठी माळ्याला ॲडव्हान्स दिला असेल तर तो परत मागू नका, त्याच पैशात त्याच्याकडून राडारोडा उचलून घ्या आणि शेणखताच्या बारा गोण्या मागवा, गोणी उघडून वास घेतल्याशिवाय उतरवून घेऊ नका.